बांधापलीकडून आलेली मदत : सोयाबीनच्या एका काढणीचं प्रकरण

हे प्रकरण 2020 च्या खरिपातलं आहे. जिल्हा धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण दोन्ही घरं आजही शेजारी शेजारी नांदतायत आणि त्यांच्यातला एक वाद अजून मिटलेला नाही. एकाला आप्पा म्हणू, दुसऱ्याला तात्या. दोघांची वस्ती शेतातच, मध्ये एक सामाईक बांध. मी तालुक्याच्या ठिकाणी शेतरस्ते आणि हद्दीच्या वादात शेतकऱ्यांना अर्ज लिहून देतो, कागद लावून देतो. तात्यांचा रस्त्याचा अर्ज माझ्याच हातचा. त्यामुळे यातलं बरंचसं जवळून ठाऊक आहे आणि बाकीचं दोन्ही घरांत बसून ऐकलेलं आहे. लिहायला दोघांचीही हरकत नाही.

आधी भांडण समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या गोष्टीचं वजन कळणार नाही.

आप्पांचं रान शिवाररस्त्याला लागून, तात्यांचं त्याच्या आत. बैलगाडीच्या काळात तात्यांचे वडील आप्पांच्या कडेच्या बांधावरून ये-जा करत. कोणी कधी अडवलं नाही, कोणी कधी लिहूनही घेतलं नाही. मग ट्रॅक्टर आले. गाडीच्या चाकोरीवर ट्रॅक्टर बसत नाही, तो पिकात उतरतो. दोन-तीन हंगाम आप्पांनी सोसलं आणि एके दिवशी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्यातच सामाईक बांधाचं निघालं. तात्या नांगरताना दरवर्षी वीतभर बांध खातात असं आप्पांचं म्हणणं. आप्पांनीच बांध सरकवलाय असं तात्यांचं. मराठवाड्यात हे दुखणं गावोगावी आहे. तंटामुक्ती समितीपुढे बसून झालं, भावकीतले दोघे-तिघे मध्ये पडून झालं. शेवटी तात्यांनी जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागितला. या कलमात तहसीलदार गरज किती आहे, वहिवाट पूर्वीपासून कुठून आहे आणि समोरच्याचं कमीत कमी नुकसान कसं होईल, हे बघून निर्णय देतात. निर्णय पटला नाही तर वर्षाच्या आत दिवाणी कोर्टात जाता येतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि तारखाच थांबल्या. दोन्ही घरांचं बोलणं त्याच्याही आधीपासून बंद होतं. बाया तेवढ्या विरजणापुरत्या एकमेकींच्या दारात जायच्या, त्याही पुरुष घरी नसताना.

15 सप्टेंबरपासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप बघायचे, बोटाला ऑक्सिमीटर लावायचे. त्या फेरीत आप्पांचा आकडा नव्वदच्या खाली निघाला. चालताना धाप लागत होती, पण कामाच्या दिवसांत अंगावर काढणं चालू होतं. अँटिजेन चाचणीत चौघेही पॉझिटिव्ह आले : आप्पा, त्यांची बायको, मुलगा आणि सून. आप्पांना ऑक्सिजनसाठी जिल्ह्याला हलवलं, बाकी तिघांना तालुक्याच्या कोविड केअर सेंटरला. शाळा बंद असल्याने नातवंडं आधीच आजोळी होती, एवढंच बरं. वस्तीला कुलूप. गोठ्यात एक म्हैस, तिचं रेडकू आणि बैलजोडी. रानात चार एकर सोयाबीन, काढणीला आलेलं.

सोयाबीन वाट बघत नाही. शंभर दिवसांच्या आसपास पीक वाळतं, पानं गळून जातात आणि शेंगा राहतात. मग ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणे जमिनीवर. म्हणून काढणी भल्या सकाळी करायची, शेंगेवर दव असेपर्यंत. उन्हाच्या दिवसांत चार-सहा दिवस उशीर झाला तर एकरी मोठी घट. आणि ऊन न पडता पाऊस पडला तर त्याहून वाईट, दाण्याला झाडावरच कोंब फुटतात. 2019 च्या ऑक्टोबरमधल्या पावसाने सगळ्या मराठवाड्याला ते दाखवलेलं होतं. आप्पांच्या मुलाने मजुरांच्या टोळीला काढणीचं गुत्तं, म्हणजे ठेका, आधीच दिलेलं होतं. चाचणीची बातमी कळली तशी टोळीने पाय मागे घेतला. त्यांना दोष देता येत नाही. त्या महिन्यात राज्यात बऱ्याच दिवशी वीस हजारांच्या वर रुग्ण निघत होते आणि पॉझिटिव्ह घराच्या विहिरीचं पाणी प्यायलाही लोक घाबरत होते.

सप्टेंबर संपता संपता तात्यांचा मला फोन आला. रस्त्याच्या तारखेचं विचारत असतील असं वाटलं.

"भाऊ, आप्पाच्या रानात पाय ठिवला तर माझ्या अंगावर काय शेकंल का?"

कशाला ठेवताय, असं विचारलं.

"शेंगा तडकायल्यात. रोज सकाळी उठलं की तेच दिसतंय. मला बघवंना."

प्रश्न अगदी बरोबर होता. ज्याच्याशी महसुलात वाद चालू आहे त्याच्या रानात त्याच्या माघारी शिरून पीक कापायचं, म्हणजे उद्या चोरीचा आळ येऊ शकतो, घुसखोरीचा येऊ शकतो. शिवाय सामाईक बांधालगतची दोन तासं, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, दोघंही आपली म्हणत होते. तिथे तात्यांचा विळा लागला असता तर तो ताब्याचा पुरावा म्हणून कोणीही वापरला असता, खुद्द माझ्यासारख्यानेही. मी सांगितलं : पोलीस पाटलांना बोलवा, त्रयस्थ दोन माणसं घ्या, त्यांच्यासमोर आप्पांच्या मुलाला स्पीकरवर फोन लावा, त्याने हो म्हटलं तरच विळा लावा, कट्टे मोजताना तीच माणसं हजर ठेवा, आणि बांधाकडची ती दोन तासं तशीच सोडा.

शेवटचं सोडून सगळं त्यांनी ऐकलं. दोन तासांबद्दल म्हणाले, "पेरलं त्यानं हाय, गंजीत त्याच्याच जाईल." आणि तसंच केलं. ज्या दोन तासांसाठी चार वर्षं भांडले, त्यातलं सोयाबीन त्यांनी आपल्या हाताने कापून आप्पांच्या गंजीवर टाकलं. माझ्या मते हा त्या सगळ्या प्रसंगातला फार मोठा क्षण आहे, आणि तात्यांना तो आज नीट आठवतही नाही.

आप्पांच्या मुलाने तो फोन केअर सेंटरच्या खाटेवरून घेतला. तो सांगतो, तात्यांचा आवाज ऐकून आधी संतापच आला. वडील ऑक्सिजनवर आहेत आणि हा माणूस रस्त्याचं काढतोय, असं वाटलं. मग पोलीस पाटील बोलले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि शेवटी विचारलं, "मजुरी किती घेणार?" तात्या म्हणाले, "हिशोब मागून. हो म्हण नाहीतर नाही म्हण, माणसं उभी हायत." तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्याला सांगितलं, अरे तुझं रान गेलं आता. ती रात्र त्याला झोप नव्हती.

माणसं म्हणजे कोण? तात्या, त्यांची बायको, मुलगा, दोन मेहुणे आणि मेहुण्यांच्या घरातल्या बाया. गावातलं कोणीच नाही. पहाटे पाचला सुरुवात, ऊन तापलं की थांबायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी. कापलेलं पीक रानभर पसरून न ठेवता रोजच्या रोज उंचवट्यावर आणून गंजी लावली. खाली तुऱ्हाट्यांचा थर, म्हणजे जमिनीची ओल वर चढू नये. शेंगांची बाजू आत, बुडखे बाहेर. वर उतार देऊन ताडपत्री. ताडपत्री तात्यांची, कारण आप्पांची कुलपाच्या आत. गंजी ओली लागली तर आतून तापते, बुरशी धरते, दाणा काळा पडतो आणि बाजारात मान खाली घालावी लागते. स्वतःच्या पिकाला जेवढी काळजी घेतली असती तेवढीच इथे घेतली, हे पोलीस पाटलांनी मला मुद्दाम सांगितलं.

काढणीचं कौतुक गावाने नंतर केलं. मला मात्र गोठ्यातलं काम अधिक अवघड वाटतं, आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. काढणी मोकळ्या रानातली, चार-पाच दिवसांची, सगळ्यांसमोर. गोठा त्या घराच्या भिंतीला लागून, रोज दोन वेळा, आणि कोणी बघायला नाही. ते काम तात्यांच्या बायकोने, काकूंनी, केलं. चाचणीचा निकाल आला त्याच संध्याकाळी म्हैस हंबरायला लागली तेव्हा त्या कोणाला न विचारता बांध ओलांडून गेल्या. नवऱ्यालाही नंतर कळलं. पदर तोंडाला गच्च बांधून, दावणीला आणि बादलीच्या कडीला हात लागेल म्हणून निघताना साबणाने कोपरापर्यंत धुवून. अनोळखी हाताला म्हैस पान्हा सोडेना. दोन दिवस रेडकालाच पाजलं, तिसऱ्या दिवसापासून म्हैस सरळ झाली. दूध कुठे घालायचं हा वेगळाच प्रश्न. डेअरीवर त्या घराचं दूध नको म्हणाले. मग काकूंनी ते स्वतःच्या घरी तापवलं, विरजलं, लोणी काढून तूप कढवलं. आप्पांची बायको परत आली तेव्हा तुपाचा डबा तिच्या पुढ्यात ठेवला. ती माऊली ते सांगताना अजून रडते. चार एकर सोयाबीन वाचल्याचं तिला समाधान आहे, पण डोळ्यांत पाणी येतं ते त्या डब्याच्या आठवणीने.

तात्यांच्या घरात भीती नव्हती असं नाही. त्यांची आई पंच्याहत्तरीची. म्हातारीला बाजूच्या खोलीत वेगळं ठेवून हे सगळं चाललं होतं. तात्यांचा मुलगा पहिल्या दिवशी चिडला होता, आपल्याला काही झालं तर ते येणार आहेत का बघायला, म्हणून. त्याला काय उत्तर दिलं, असं मी तात्यांना विचारलं. म्हणाले, काही नाही, विळा दिला हातात.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मळणी यंत्र आलं. आप्पांचं रान शिवाररस्त्याला लागून, त्यामुळे ट्रॅक्टर थेट गंजीपाशी उभा राहिला. त्रेचाळीस कट्टे भरले, साठ किलोचा एक याप्रमाणे सव्वीस क्विंटलला थोडे कमी. त्या वर्षीचा हमीभाव 3,880 रुपये होता, म्हणजे माल लाखभर रुपयांचा. शेवटची थोडी गंजी तात्यांनी यंत्राचे फेरे कमी करून काढायला लावली, म्हणजे दाण्याचं साल फुटणार नाही आणि तो बियाण्याला चालेल. त्या जूनमध्ये विकतचं बियाणं न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या होत्या, आप्पांनाही काही पट्टा दुबार पेरावा लागला होता. ते तात्यांनी बांधावरून बघितलेलं होतं. एवढं बारीक सांगून कोणी करवून घेऊ शकत नाही. हे फक्त बांधाच्या शेजाऱ्यालाच माहीत असतं : कुठला पट्टा कधी पेरला, कुठला आधी वाळतो, पाणी कुठे साचतं. सख्खा भाऊ पुण्याहून आला असता तरी त्याला विचारत विचारत करावं लागलं असतं.

मळणी संपली तेव्हा दुपार होती. तात्यांच्या स्वतःच्या दोन एकरांची गंजी लागून तयार होती, बाकीचं अजून उभं. यंत्रवाला म्हणाला, आलोच आहे तर तुमचंही उरकून टाकू, इथूनच सरळ आत घेतो. आप्पांचं रान मोकळं झालेलं, नुकसान कशाचंच नाही, अडवायला कोणी नाही. यंत्र आत गेलं असतं तर पाऊण तासाचं काम. तात्यांनी नको म्हटलं. "त्याला काढणीचं इच्यारलंय, वाटंचं न्हाई." यंत्र परत गेलं.

आपली गंजी बैलगाडीने लांबच्या वाटेने शिवाररस्त्यावर आणायची असा त्यांचा बेत होता. पण नंतर यंत्र हाती लागेना, सगळ्या शिवाराची एकच घाई चालली होती. बंगालच्या उपसागरातलं खोल कमी दाबाचं क्षेत्र 13 ऑक्टोबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणावरून मराठवाडा-सोलापूरकडे सरकलं. 14 तारखेचा पाऊस या भागातलं कोणी विसरलेलं नाही. नद्या-ओढे फुटले, कापून पसरलेलं सोयाबीन वाहून गेलं, गंज्या पाण्यात बसल्या. तात्यांची चांगली ताडपत्री आप्पांच्या रानात लागली होती ती परत आणली होती, तरी खालून पाणी शिरलं. दोन एकरांतला निम्म्याहून जास्त माल डागी निघाला. उभं होतं त्याला कोंब आले.

गावात बोलणारे बोललेच. रस्ता मिळावा म्हणून केलं सगळं, असं. माझ्याही कानावर आलं, आणि अर्ज माझ्या हातचा असल्याने मला तो हिशोब नीट मांडून बघावासा वाटला. रस्ता मिळवायचा असता तर मळणीच्या दुपारी यंत्र आत घालणं सगळ्यात सोपं होतं. पोलीस पाटील समोर, पंच समोर, ट्रॅक्टर बांधावरून गेल्याची नोंद आपसूक झाली असती आणि वहिवाटीचा पुरावा म्हणून मीच ती पुढे केली असती. ती संधी त्यांनी हातची सोडली आणि तिची किंमत दोन एकर पिकाने मोजली. उपकाराच्या आड मागणी लपलेली असती तर ती त्या दुपारी बाहेर आली असती, असं माझं ठाम मत आहे.

पूर्वी आपल्याकडे इर्जिक असायची. एखाद्याचं रान मागे राहिलं, घरात आजारपण आलं, तर शेजारपाजारचे बैल-औतं घेऊन यायचे, दिवसात नांगरून द्यायचे, ज्याचं रान त्याने जेवण घालायचं. सावड होती, आज तुझ्याकडे उद्या माझ्याकडे. ट्रॅक्टर आणि गुत्तं आल्यावर ते मोडलं, कारण गरजच उरली नाही. तात्यांच्या पिढीने लहानपणी इर्जिक बघितलेली आहे. त्यांना विचारलं तर तसलं काही डोक्यात नव्हतं म्हणतात. पण वाद असलेल्या घरालाही इर्जिकीतून वगळत नसत, हे त्यांच्याच आईने मला सांगितलं, आणि काकूंना गोठ्यात जाताना त्या म्हातारीने अडवलं नाही हेही.

आप्पा ऑक्टोबरच्या मध्यावर घरी आले. आठ किलो वजन उतरलेलं, दोन पावलं चाललं की बसावं लागे. मुलाने त्यांना तोपर्यंत काहीच सांगितलेलं नव्हतं. ऑक्सिजनवर असताना नको, म्हणून. कोठीत कट्ट्यांची थप्पी बघून त्यांनी कोणी काढलं विचारलं, आणि उत्तर ऐकून त्या दिवशी जेवले नाहीत. दोन दिवसांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत गेले. तात्या पलीकडे भिजलेली गंजी उसवत होते. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. मजुरीचा हिशोब मात्र पोलीस पाटलांच्या वहीत आहे : मळणीचं भाडं आणि मेहुण्यांच्या घरच्या बायांची मजुरी तात्यांनी घेतली, घरच्या माणसांची लावली नाही. गोठ्याचा त्यात उल्लेखच नाही.

पुढच्या जूनमध्ये बियाण्याचा प्रश्न आला. भिजलेलं सोयाबीन उगवत नाही, तात्यांकडे घरचं बियाणं उरलं नव्हतं आणि 2021 मध्ये बाजारात दर चढलेले. आप्पांच्या मुलाने यंत्राचे फेरे कमी करून काढलेल्या त्या कट्ट्यांतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली, चांगली निघाली, आणि दोन कट्टे तात्यांच्या ओट्यावर नेऊन टाकले.

रस्त्याचं प्रकरण लगेच मिटलं नाही. तारखा सुरू झाल्यावर आप्पा तोंडावर 'घ्या रस्ता' म्हणायला तयार होते, पण मुलाचा विरोध होता. उपकार वेगळा आणि रान वेगळं, उद्या ट्रॅक्टर पुन्हा पिकात उतरला तर कोणाला सांगायचं, असा त्याचा सवाल. मला तो रास्त वाटला. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला रस्ता पुढच्या पिढीत पुन्हा भांडणाचं मूळ झाला असता. शेवटी स्थळपाहणीच्या वेळी तहसीलदारांसमोर तडजोड झाली : कडेच्या बांधावरून आठ फूट, दोन्ही अंगाला दगड रोवून, आणि दगडाच्या आत चाक आलं तर भरपाई. दगड रोवायला दोन्ही घरचे होते.

सामाईक बांधाचं काय? ते तसंच आहे. दोघांच्या संमतीने भूमी अभिलेखची मोजणी आणली. भूकरमापकाने खुणा दाखवल्या त्या आप्पांच्या बाजूने फुटभर आत निघाल्या, म्हणजे तात्यांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. आप्पांना ते पटलं नाही. सलोखा योजनेत बसतं का तेही बघितलं. 2023 पासूनच्या या योजनेत हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणीत जमिनीची अदलाबदल करून मिळते, पण त्याला एकाच्या जमिनीवर दुसऱ्याचा असा उलटसुलट ताबा बारा वर्षं तरी असावा लागतो. इथे तसं काही नव्हतं. म्हणून आप्पांनी निमताना मोजणीचा, म्हणजे पहिली मोजणी वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा तपासून घेण्याचा, अर्ज दिला आणि त्याची फी भरायला तात्यांच्याच मोटरसायकलवर बसून तालुक्याला आले. मी दोघांना चहा पाजला. अर्जावर सही करताना आप्पांनी मला बजावलं, फुटाचं फूट मोजून घ्यायचं, यात भिडभाड नको. तात्या बाकावर बसून हो हो म्हणत होते.

निमतान्याची तारीख अजून लागलेली नाही. मळणी यंत्र आता दोन्ही घरं मिळून सांगतात. एकाच दिवसात दोन्ही रानं उरकली की यंत्रवाला येण्याजाण्याचे पैसे एकदाच लावतो.